बोलोन्याला नेण्याचं वचन

सुप्रभाच्या पिंडाला कावळा शिवला तो बोलोन्याचं नाव घेतल्यावर. ही गोष्ट श्रीकांत मुजुमदारला आठ महिने छळत होती.

झालं होतं ते असं. त्याची बायको सुप्रभा फेब्रुवारीत गेली, झोपेतच. इंग्लंडात दहनाची तारीख लगेच मिळत नाही, त्यामुळे दहावा चौदाव्या दिवशी झाला, वॉटफर्डच्या घरामागच्या बागेत. स्लाऊहून गुरुजी आले होते. आठवडाभर ते एका गोदामाच्या ऑफिसात कामाला असत आणि शनिवार-रविवारी पूजा सांगत. बागेतल्या फरशीवर त्यांनी केळीचं पान मांडलं, त्यावर भाताचा पिंड ठेवला आणि सगळ्यांना दहा पावलं मागे घेतलं. एरवी कचऱ्याच्या पिशव्या फाडून रस्ताभर पसारा करणारे कावळे त्या दिवशी शेजारच्या छपरावर रांगेने बसून होते. खाली एकही उतरेना.

आधी एक रॉबिन, चिमणीएवढा तांबड्या छातीचा पक्षी, येऊन गेला. मग एक काळापांढरा मॅगपाय आला.

"हा चालेल का हो, गुरुजी?" मधुमतीने विचारलं. मधुमती एजवेअरची, सुप्रभाची पंचवीस वर्षांची मैत्रीण. "कावळ्याच्याच जातीचा असतो म्हणतात."

"पूर्ण काळा पाहिजे," गुरुजी म्हणाले. "हा अर्धाच आहे."

मग एकेकाने पुढे होऊन सुप्रभाला शब्द द्यायला सुरुवात केली. लेकीचं, सीमाचं, लग्न चांगल्या ठिकाणी करू. डॉक्टरांच्या जेवणाखाण्याकडे लक्ष देऊ. गणपतीच्या मखराचं काम मंडळात कुणीतरी उचलेल. चाळीस मिनिटं झाली. बायकांचे पाय गारठले. श्रीकांतचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. तीस वर्षं त्याने हॉस्पिटलात भूल देण्याचं काम केलं होतं आणि माणसं कशी जातात हे त्याला माहीत होतं. तरी छपरावरची ती रांग बघून तो एक पाऊल पुढे झाला. मनातल्या मनात तोही म्हणाला की ब्लडप्रेशरच्या गोळ्या वेळेवर घेईन. कावळे हलले नाहीत.

गुरुजी दर्भाची जुडी काढू लागले. कावळा आलाच नाही तर दर्भाचा कावळा करून तो पिंडाला लावतात. तेवढ्यात सीमा, त्याची इंग्लंडातच वाढलेली एकुलती एक मुलगी, "वन मिनिट" म्हणून घरात गेली. परत आली, पानाशी वाकली, पान जरा सारखं केलं आणि मोठ्याने म्हणाली, "आई, मी बाबांना घेऊन बोलोन्याला जाईन. ते संध्याकाळचं खायचं-प्यायचं वॉक असते ना, गाइडबरोबर, ते आम्ही करू. प्रॉमिस."

अर्ध्या मिनिटात कावळा पानावर होता.

सगळ्यांनी हात जोडले. मधुमती रडू लागली. श्रीकांत मात्र सीमाकडे बघत होता. ती हात पाठीमागे नेऊन कोटाला बोटं पुसत होती.

सुप्रभाने अठ्ठावीस वर्षांच्या संसारात त्याच्यापाशी इटलीतल्या बोलोन्याचं नाव एकदाही काढलं नव्हतं. दर दोन वर्षांनी पुणं, एकदा वेल्स, दोनदा लेक डिस्ट्रिक्ट, एवढाच त्यांचा प्रवास. आणि बाई अशी, की बिस्किटाच्या पुड्यावरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय पुडा ट्रॉलीत टाकायची नाही. घरात अंड्याचं भांडंसुद्धा वेगळं. ती हॅमच्या आणि वाइनच्या दुकानांतून कशाला हिंडायला जाईल? म्हणजे सीमाने आईच्या पिंडापुढे खोटं बोलून कावळा बोलावला. आणि तसं नसेल, तर सुप्रभाच्या मनात एक इच्छा होती आणि ती तिने नवऱ्याला न सांगता मुलीला सांगितली. यातलं कुठलं तरी एक खरं असणार होतं. त्याला दोन्ही नको होती, पण खरं काय ते कळल्याशिवाय चैनही नव्हतं.

सरळ विचारायचं त्याच्याने होईना. तो आडून विचारी आणि सीमा विषय बदली. मग त्याचा संशय चहूकडे फुटला. कधी वाटे, इटलीत हिचा कुणी मित्र असावा. कधी वाटे, मधुमतीने एखादी विधवा बाई हेरून ठेवली असेल आणि ती नेमकी त्याच टूरवर निघेल. सीमा लंडनला सॉलिसिटरच्या ऑफिसात होती, म्हणून एकदा असंही मनात आलं की घर विकायचा विषय परदेशात काढायचा असेल, वाइन पाजून. मधुमती दर रविवारी फोन करायची. "अहो, शब्द दिलाय तिला. गेलात की नाही?" शेवटी ऑक्टोबरात तो निघाला, तो शब्द पाळायला कमी आणि छडा लावायला जास्त.

बोलोन्यात संध्याकाळी साडेपाचला मोठ्या चौकातल्या कारंज्यापाशी जमायचं होतं. गाइड होती फ्रांका नावाची पन्नाशीची बाई, छत्री वर धरून उभी. तिने सीमाला बघताच दोन्ही गालांना गाल लावले.

"तू हिला ओळखतेस?" श्रीकांतने मराठीत विचारलं.

"फोनवर बोलले होते, बाबा. इथे सगळे असंच करतात."

फ्रांकाने लगेच त्याच्याही गालाला गाल लावला. त्याचं समाधान झालं नाही. बरोबर लीड्सचं एक निवृत्त जोडपं होतं आणि दोन डच बहिणी. बहिणींपैकी एकीच्या बोटात अंगठी नव्हती, हे त्याने टिपून ठेवलं.

चालणं सुरू झालं. त्या गावाला रस्त्यांच्या दोन्ही बाजूंनी कमानींची छपरं आहेत, मैलच्या मैल. पाऊस आला तरी छत्री लागत नाही. फ्रांका सांगत होती की पूर्वी विद्यार्थ्यांना राहायला जागा पुरेना, म्हणून लोकांनी वरच्या मजल्यावरच्या खोल्या रस्त्यावर पुढे काढल्या आणि खाली खांब दिले. श्रीकांतचं लक्ष सीमा कुणाशी बोलते याकडे होतं.

पहिलं दुकान चीजचं. चाकाएवढे गोळे एकावर एक रचलेले. दुकानातल्या बाईने फोडी पुढे केल्या.

"यात दूध घट्ट करायला रेनेट कसलं घालता?" त्याने विचारलं.

"वासराचं," बाई म्हणाली. फ्रांकाने भाषांतर केलं.

"वासराच्या पोटातलं?"

"नेहमीच. सातशे वर्षं."

"दुसरं काही नाही? भाजीपाल्यातलं?"

बाईने फ्रांकाकडे बघितलं. फ्रांका म्हणाली, "ती म्हणते, भाजी शेजारच्या दुकानात मिळते."

सगळे हसले. श्रीकांत हसला नाही. भूल देणाऱ्या डॉक्टरचा जन्म प्रश्न विचारण्यात जातो. शेवटचं कधी खाल्लं, दात हलतात का, कशाची अॅलर्जी आहे का. रोगी खोटं बोलला तर टेबलावरच जायचा. ती सवय घरीही सुटली नव्हती. आता त्याला एक पुरावा मिळाल्यासारखं वाटलं. पहिल्याच दुकानात सुप्रभाला तोंडात घालण्यासारखं काही नव्हतं.

दुसऱ्या दुकानात तीन बायका लांब लाटण्याने पिठाची पोळी लाटत होत्या, टेबलभर मोठी, पिवळी आणि इतकी पातळ की खालचं लाकूड दिसावं. तिचे तुकडे करून त्यात सारण भरून त्या बोटाभोवती मुरड घालत होत्या. श्रीकांतने विचारलं, सारणात काय? डुक्कर, फ्रांका म्हणाली. आणि पातेल्यात उकळतं ते पाणी आहे ना? नाही, कोंबडीचं सूप. पुरावा दुसरा.

लीड्सची बाई त्याच्याजवळ सरकली. "तुमच्या मिसेसना हे बघायला आवडलं असतं, नाही?"

"तुम्हाला कोणी सांगितलं तिच्याबद्दल?"

"तुमच्या मुलीने. सॉरी, मला वाटलं..."

"काय सांगितलं नेमकं?"

ती बाई बिचारी नवऱ्याकडे सटकली. सीमाने हे लांबून बघितलं. ती जवळ आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "बाबा, तुम्ही लोकांना इंटरॉगेट करताय."

तिसरा मुक्काम म्हणजे एक तळघर. दगडी पायऱ्या उतरून खाली गेलं की लाकडी बाकं, भिंतींना पिंपं. वाइन ओतणारा पोरगेला माणूस सीमाकडे बघून हसला. श्रीकांतने त्याच्या हाताकडे बघितलं. हातात लग्नाची अंगठी होती. मग ती अंगठी नसलेली डच बहीण त्याच्या शेजारी बसायला आली आणि म्हणाली की तिचा पार्टनर पुढच्या वर्षी येणार आहे, यंदा त्याचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. झालं, तोही संशय गेला. आता बोट ठेवायला सीमाशिवाय कुणी उरलं नाही.

बाकीचे फ्रांकाभोवती गोळा झाले तेव्हा त्याने सीमाला कोपऱ्यातल्या बाकावर बसवलं.

"त्या दिवशी पानाखाली काय ठेवलंस?"

सीमाने ग्लास खाली ठेवला. तिने काय म्हणताय असं विचारलं नाही. "चीज," ती म्हणाली.

"कसलं?"

"चेडर. बाबा, डझ इट मॅटर?"

"म्हणजे खोटं होतं सगळं."

"कावळा खोटा होता."

"आणि बोलोन्या?"

"ते खरं होता," ती म्हणाली. "आईने सांगितली होती मला. लास्ट समरमध्ये, ती माझ्या फ्लॅटवर राहायला आली होती तेव्हा. टीव्हीवर हे वॉक दाखवत होते. ती जेवण सोडून बघत बसली."

"खरं होतं तर चीज कशाला लागलं?"

"कारण आधी मी दोनदा मनात म्हटलं. खरं-खरं म्हटलं. तरी कावळा आला नाही. आणि गुरुजी ते गवताचा कावळा बनवायला लागले. मला वाटलं, आईला गवताचा? नो वे. आणि मधुमावशीचे ओठ निळे झाले होते."

त्याने आठ महिने दोन शक्यता तराजूत घालून तोलल्या होत्या. दोन्ही एकदम खऱ्या असतील हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. चीजचं त्याला फारसं काही वाटलं नाही, याचं त्यालाच नवल वाटलं. दुसरी गोष्ट मात्र आत जाऊन बसली.

"मला का नाही सांगितलं तिनं?"

"जाऊ दे ना, बाबा."

"नाही, सांग."

"तुम्ही विचारलं असतं म्हणून." सीमा ग्लासाकडे बघत बोलत होती. "तिने तुमची नक्कल करून दाखवली होती. 'तू तिथे खाणार काय? चालणार किती? बाथरूम कुठे असते?' सेम तुमच्यासारखं, चष्म्यावरून बघत. आम्ही खूप हसलो. मग ती म्हणाली, यांना सांगू नको."

"पण बरोबरच आहे ते. खाणार काय होती ती इथे? आत्तापर्यंत एक तरी वस्तू..."

"तिला खायचंच नव्हतं. तिला ते चालायचं होतं, संध्याकाळी. वॉटफर्डला हिवाळ्यात चार वाजता अंधार पडते आणि सगळे लोक पडदे लावून आत. पुण्यात आजी आणि ती रोज संध्याकाळी बाहेर पडायच्या, काही घ्यायच्या नाहीत, नुसत्या दुकानं आणि लोक बघत चालायच्या. टीव्हीवर हे गाव बघून ती म्हणाली, 'बघ गं, इथे सगळे बाहेर आहेत.' तेवढंच म्हणाली. दोन-तीनदा."

श्रीकांतला सुप्रभाचा राग आला. ती गेल्यापासून पहिल्यांदाच. एकदा विचारायचं होतंस, नेलं असतं, असं तो मनात तिला म्हणायला गेला आणि ते वाक्य काही पुरं होईना. तो प्रामाणिक माणूस होता. त्याने वॉटफर्डचं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आणलं. सुप्रभा चहा गाळते आहे. म्हणते, आपण इटलीला जाऊ या का? तो पेपर वाचतो आहे. स्वतःच्या तोंडून 'जाऊ' हा शब्द काढून बघण्याचा त्याने खूप प्रयत्न केला. पेपरमागून दरवेळी एकच प्रश्न यायचा, आणि मग ती म्हणायची, हो, तेही आहेच, आणि चहाचा कप पुढे करायची.

"इथे या तळघरात ती उतरली असती का?" त्याने विचारलं.

सीमाने क्षणभर विचार केला. "नाही. ती बाहेर उभी राहिली असती."

तो उठला. फ्रांकाने हात उंचावला. "डॉक्टर, शेवटची वाइन सगळ्यात चांगली असते."

"तुमचं चालू द्या," तो म्हणाला. "मी वर आहे."

पायऱ्या चढून तो कमानीखाली आला. सात वाजत होते. दिवे लागले होते आणि गाव खरोखरच बाहेर पडलं होतं. दोन म्हाताऱ्या बायका एकमेकींच्या हातात हात घालून चालल्या होत्या, मध्येच थांबत, काहीतरी सांगत, पुन्हा चालत. एक माणूस लेकराला खांद्यावर घेऊन जोड्यांच्या दुकानात डोकावत होता. दुकानदार दारात उभे होते. कुणाला कुठे जायचं आहे असं वाटत नव्हतं. श्रीकांत खांबाला टेकला आणि बघत राहिला. ही लोकं एवढी कुठून येतात, कुठे जातात, जेवतात कधी, असे प्रश्न त्याला पडले. त्याने ते कुणाला विचारले नाहीत.

थोड्या वेळाने सीमा दोघांचे कोट घेऊन वर आली. "बाबा, चला. फ्रांका म्हणते शेवटचा स्टॉप आइस्क्रीमचा आहे. त्यात काय काय घालतात ते मी विचारून घेतली, तुम्ही खाऊ शकता."

"थांब जरा," तो म्हणाला आणि बाजूला सरकून त्याने तिला खांबापाशी जागा करून दिली. "अजून लोक येतायत."