नऊ वर्षांची गोळी

छापखान्यातल्या मशीनमनचे डोळे पिवळे दिसू लागले, ते सगळ्यात आधी त्याच्या बायकोच्या लक्षात आलं. ती प्राथमिक शाळेत शिकवायची, म्हणून घरीदारी सगळे तिला बाईच म्हणत. डबा हातात देता देता बाईंनी नवऱ्याला खिडकीशी ओढलं, त्याची पापणी खाली करून पाहिली आणि विचारलं, "गोळी घेताय ना?"

तो बुटाची नाडी बांधायला वाकला. बाईंना काय ते कळलं.

"कधीपासून बंद आहे?"

"चार महिने झाले."

नऊ वर्षांपूर्वी त्याला हिपॅटायटिस बी असल्याचं निदान झालं होतं. तेव्हाच यकृत कडक व्हायला लागलं होतं. डॉक्टरीणबाईंनी रोज एक गोळी सुरू केली. दोनेक वर्षांत विषाणू रक्तात सापडेनासा झाला आणि पुढे यकृतही हळूहळू मऊ पडत गेलं. बाईंनी आणि मुलीनं लस टोचून घेतली होती. घर सुरळीत चाललं होतं, आणि या माणसानं चार महिने गोळीला हात लावला नव्हता!

त्याच दिवशी त्याला दवाखान्यात भरती करावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी जुना आणि नवा रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवला. त्या चिडल्या होत्या आणि ते लपवतही नव्हत्या.

"विषाणू गेला नव्हता, गोळीनं दाबून ठेवला होता. तुम्ही हात काढलात, तो उसळला. आणखी पंधरा दिवस उशीर केला असता तर मी काही करू शकले नसते."

"रिपोर्ट चांगले येत होते," तो पुटपुटला.

"गोळी घेत होतात म्हणून येत होते. इतकी वर्षं नेमानं गोळी घेणाऱ्यांचं यकृत सावरतं, कॅन्सरचा धोका पुष्कळ कमी होतो. शून्य होत नाही, म्हणून तर दर सहा महिन्यांनी तपासणीला बोलावते. थांबायचं की नाही हे मी ठरवणार, तुम्ही नाही."

त्या गेल्यावर त्यानं बाईंना सगळं सांगितलं. छापखान्यात सगळ्यांची आरोग्य तपासणी झाली होती. त्याचा कागद फोरमनच्या टेबलावर गेला आणि जेवायच्या सुट्टीपर्यंत सगळ्या खात्यात फिरला. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीजवळ त्याचा पेला वेगळा ठेवलेला, त्यावर लाल रंगाचा पट्टा. रोज गोळी घेतो, आता बरा आहे, असं त्यानं सांगून पाहिलं. "बरा आहेस म्हणतोस, मग रोज गोळी कशाला गिळतोस?" फोरमननं चारचौघांत विचारलं. बरा आहे हे दाखवायला त्यानं गोळी सोडली.

बाईंचं डोकं फिरलं. "पेला त्यानं वेगळा केला. गोळी तुम्ही बंद केलीत."

"आणि तू?" तो थकलेल्या आवाजात म्हणाला. "तुझा भाऊ आला की गोळ्या साड्यांखाली कोण लपवायचं? नऊ वर्षं हे कुणाला सांगू नका, हे कोण बजावायचं? मलाही वाटायला लागलं, लाजण्यासारखंच काहीतरी असणार."

बाईंचा राग होता तसाच राहिला, फक्त आता तो स्वतःवरही होता.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्या थेट छापखान्यात गेल्या. मशीन थांबवायला लावलं. फोरमन हात पुसत पुढे आला.

"बाई, मला बाकीच्यांचाही विचार करावा लागतो. इथं कागदानं बोटं कापतात, रक्त येतं."

"मग कापलेल्या बोटाला पट्टी बांधा, कुणाचंही असो. पेल्यातून हा आजार पसरत नाही. नऊ वर्षं मी त्यांच्या ताटात जेवले आहे. तुम्ही पेला वेगळा केलात तेव्हा त्यांच्या रक्तात विषाणू सापडत नव्हता. तुमच्या टोमण्यांनी गोळी सुटली, आज सापडतोय. कुणाला वाचवलंत तुम्ही?"

पुस्तकबांधणी खात्यातल्या मावशी उठल्या, लाल पट्ट्याचा पेला उचलून त्यांनी पाणी भरलं आणि सगळ्यांदेखत प्यायल्या.

चार दिवसांनी फोरमन दवाखान्यात आला. खाटेजवळ उभा राहून म्हणाला, "चुकलं माझं. रिपोर्ट वाचायचा मला अधिकारच नव्हता." मग बाहेरच्या बाकावर बाईंपाशी येऊन बसला.

"माझी आई यकृतानंच गेली," तो म्हणाला. "पोटात पाणी झालं होतं. हाच आजार होता म्हणाले. आम्हा भावंडांना तपासून घ्या असं सांगितलं होतं. भीतीनं कुणी गेलंच नाही."

बाईंचा राग निवळला नव्हता. तरीही त्या उठल्या, "चला," म्हणाल्या आणि त्याला रक्त तपासणीच्या रांगेत नेऊन उभं केलं.

मशीनमन तीन आठवड्यांनी घरी आला. गमावलेलं सगळं भरून येईल असं वचन डॉक्टरीणबाईंनी दिलं नाही. पुन्हा वर्षं मोजावी लागतील, एवढंच म्हणाल्या. पुढच्या खेपेला भाऊ आला तेव्हा बाईंनी आजाराचं नाव घेऊन त्याला सारं सांगितलं आणि त्यालाही तपासून यायला लावलं.

वाचकहो, या माणसाला मरणाच्या दारात नेलं ते एकट्या विषाणूनं नाही. विषाणूला आवरायला रोजची एक गोळी पुरेशी होती. ती गोळी माणसाच्या हातून सुटते ती आपल्या कुजबुजीमुळे, आणि घरातल्या लपवाछपवीमुळेही. लस घ्या, रक्त तपासा, आणि शेजारचा माणूस गोळी घेत असेल तर त्याला ती निवांत घेऊ द्या.