तिसरी बरणी

लिनियर अल्जेब्रा घेऊन अक्षताने हौसेने पायावर धोंडा पाडून घेतला होता. मागच्या परीक्षेत वाट लागली होती, आता प्रोजेक्टच तारणार होता. मॅडमनी सांगितलं, घरातली तीन मिश्रणं घ्या आणि त्यांच्या प्रमाणांचं मॅट्रिक्स मांडा. घाटकोपरच्या त्या दोन खोल्यांत मिश्रण म्हणजे मसाले. तिची आई, मालन, मालवणी मसाले करून विकायची.

पण बरण्या दोनच होत्या. एक मासळीच्या मसाल्याची, एक उसळीच्या. तिसरा, सागोतीचा म्हणजे मटणाचा, मालनला येत नव्हता. आजीने जाताना त्याचं माप धाकट्या सुनेला, कुंदाकाकूला दिलं. थोरलीला डावललं. ते मालनच्या जिव्हारी लागलं आणि तिने काकूच्या बोरिवलीच्या घरची पायरी चढणं सोडलं. याला अठरा वर्षं झाली.

अक्षताने आईच्या नकळत काकूला फोन केला. काकूने आढेवेढे घेतलेच नाहीत.

"दहा वाट्या मिरची, दहा धणे, सात खडा मसाला. लिहिलंस?" मग जरा थांबून म्हणाली, "तुझ्या आयेनं कधी विचारलंच नाय गो. मी कशाला नाय म्हटलं असतं?"

अक्षताने तिन्ही मसाल्यांचं मॅट्रिक्स मांडून त्याचा डिटरमिनंट काढला. उत्तर शून्य आलं, म्हणजे काहीतरी चुकलंच, असं तिला वाटलं. तीनदा केलं, तीनदा शून्य. रडवेल्या तोंडाने तिने वही मॅडमपुढे ठेवली.

"बरोबर आहे की," मॅडम म्हणाल्या. "तुझा तिसरा मसाला वेगळा नाहीच, म्हणून शून्य. पहिला एक भाग, दुसरा दोन भाग. झाला तिसरा."

प्रोजेक्ट सुटला, पण अक्षताचा जीव टांगणीला लागला. आईला सांगायचं कसं? सोमवार-गुरुवारच्या उसळीला मासळीचा चमचासुद्धा लागता कामा नये, ही आजीची शिस्त. मालनने ती डोळ्यांत तेल घालून पाळली होती. त्या दोन बरण्या एकत्र करायचं तिच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. आणि ज्या मसाल्यासाठी ती जावेला मुकली, तो घरच्या फळीवरच होता.

दोन दिवस अक्षता वही लपवत राहिली. तिसऱ्या दिवशी तिने सगळं सांगितलं, काकूचं बोलणंसुद्धा.

मालन उठली. दोन्ही बरण्या खाली काढल्या. एका वाटीत मासळीचा एक चमचा घातला. दुसरी बरणी उघडताना हात अडला, तरी उसळीचे दोन घातलेच. तेलात मसाला पडला आणि आजीचा रविवार घरभर दरवळला.

"काखेत कळसा नि गावाला वळसा," मालन म्हणाली. तिला हसायचं होतं, पण डोळे भरून आले.

"आजीचा राग येतोय?" अक्षताने हळूच विचारलं.

"म्हातारीचं जाऊ दे गं. माझं तोंड काय शिवलेलं होतं?" तिने गॅस बंद केला, पदराने डोळे पुसले. "फोन लाव कुंदाला."

पलीकडून "हॅलो" आलं.

"कुंदा, मी मालन," ती म्हणाली. "सागोतीच्या मसाल्याचं माप विचारायचं होतं गो."

कढई अजून गरम होती. काकू पहिल्या वाटीपासून सांगू लागली, आणि मालनने अक्षताला लिहून घ्यायची खूण केली.