पाणी आलं की कॅमेरा आंधळा

"हे तुमी कुणीच खरं मानणार न्हाई," मोबाइल डोक्यावर धरून त्रिंबकअप्पा म्हणाले, "आन् न मानलेलंच बरं. तुमी मानायला लागलात तर माझी सवय मोडंल."

ग्रामसभा खदाखदा हसली. हसणार नाही तर काय करणार? अप्पांच्या किराणा दुकानात साखरेपेक्षा बाता जास्त खपायच्या, आणि त्या फुकट असायच्या. अप्पांनी बिबट्याला ताक पाजलं होतं. अप्पांची शेळी नेकनूरच्या बाजारातून एकटी एसटीनं आली होती आणि कंडक्टरनं तिला खिडकीची जागा दिली होती. अंबाजोगाईच्या एका डॉक्टरनं अप्पांची जीभ तपासून कागदावर लिहून दिलं होतं म्हणे, की हिला आठ दिवस रजा द्या. त्यामुळं आज शाळेच्या पटांगणात निम्मं गाव ठरावांसाठी आलं होतं आणि निम्मं अप्पांसाठी.

समोर खुर्चीत उपसरपंच विजयसिंह पायावर पाय टाकून बसले होते. कपड्यांना कडक इस्त्री, चेहऱ्याला त्याहून कडक. त्यांनी मागच्या सभेतच सांगून टाकलं होतं, "अप्पा, पुरावा दावा. न्हाईतर सगळ्या गावापुढं हात जोडायचे आन् पाण्याबद्दल परत तोंड उघडायचं न्हाई."

अप्पांनी हात जोडले की खालच्या गल्लीतल्या चाळीस घरांचं पाणी कायमचं गेलं, हे अप्पांना कळत होतं. त्यांच्या खिशात पुरावा नव्हता, हेही त्यांनाच कळत होतं.

गोष्ट अशी झाली होती. खालच्या गल्लीला आठवड्यातून एकदा, मंगळवारी पहाटे तासभर पाणी यायचं. पंचायतीचा पप्पू यायचा, अप्पांच्या दुकानासमोरच्या खड्ड्यातला पाइपलाइनचा व्हॉल उघडायचा आणि फाट्यावर चहाला जायचा. होळीपासून त्या तासाची वीस मिनिटं झाली. नळ सुरू व्हायचा, बायका घरोघरी हंडे-ड्रम लावायच्या आणि मधेच नळ सुस्कारा टाकून गप्प. गल्लीनं पप्पूला शिव्या घातल्या, टाकीला घातल्या, पावसालाही घातल्या.

एका मंगळवारी अप्पा ओट्यावर बसून दात घासत होते. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, की पप्पू वळणाआड गेल्यावर खुद्द विजयसिंह आले, हातभर लोखंडी चावी लावून व्हॉल फिरवला आणि चालते झाले. पाणी वर, त्यांच्या नव्या गोठ्याकडं. तिथं तीस गाई होत्या आणि प्रत्येकीच्या गव्हाणीला वेगळा नळ होता.

अप्पा चूळसुद्धा न भरता गल्लीभर सांगत सुटले. आयुष्यात पहिल्यांदा पदरचं काही न घालता सांगत होते. आणि शेजारच्या साखराबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "काय वो अप्पा, चावी त्या ताक पिलेल्या बिबट्यानं तर न्हाई ना फिरवली?"

अप्पांना तो घाव लागला. साठ वर्षं खोटं बोललो तर गाव मान डोलवत ऐकत होतं, आणि खरं बोललो तर हसतंय!

स्वतः मोबाइल धरून दारात बसले असते तर विजयसिंह वळणावरूनच परतले असते. मग त्यांना दुकानाच्या दारावरचा कॅमेरा आठवला. मुलगा वीरेश पुण्याला नोकरीला होता. दिवाळीला त्यानं तो लावून दिला होता. दुकानाच्या कुलपाकडं बघायला लावलेला कॅमेरा, पण त्याच्या डोळ्यात समोरचा व्हॉलचा खड्डा अख्खा यायचा. आत घालायचं कार्ड तेवढं आणायचं राहिलं होतं. त्यामुळं जे दिसायचं ते वायफायवरून मोबाइलवर यायचं, तिथंच साठायचं. वायफाय गेलं की सगळंच गेलं.

"ह्या मंगळवारी उपसरपंचाचा सिनेमा काढतो," अप्पा बायकोला म्हणाले.

"आधी नळाला पाइप लावा," गंगासागरबाई म्हणाल्या. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याच्या एकाही बातेला हुंकार दिला नव्हता, पण त्याच्या एकाही पाहुण्याला चहाशिवाय सोडलंही नव्हतं.

मंगळवारी पाणी आलं. गंगासागरबाईंनी दुकानामागच्या बोळातल्या ड्रमात पाइप सोडला. अप्पा मोबाइल घेऊन तिथंच फतकल मारून बसले. पडद्यावर व्हॉलचा खड्डा लख्ख दिसत होता, झाकणावर साखराबाईंची कोंबडी बसली होती. दोन ड्रम भरले, वर हंडे चढले, आणि कोंबडी अर्धी झाली. मग नुसतं शेपूट राहिलं. मग तेही गेलं आणि तिथं अक्षरं आली, कॅमेरा ऑफलाइन.

अप्पांनी पुण्याला फोन लावला.

"अप्पा, राऊटर बंद करा, दहापर्यंत मोजा, चालू करा," वीरेश झोपेतच म्हणाला.

अप्पा मागच्या खोलीत पळाले. तारेचा खांब परसात असल्यामुळं राऊटर मागच्या फळीवर होता. बंद केला, दहा मोजले, चालू केला. लाल दिवा, मग हिरवा दिवा. पळत पुढं आले, तर कॅमेरा आंधळाच. पुन्हा मागं. ह्या वेळी वीस मोजले, दहाला मान नसंल म्हणून. तिसऱ्यांदा राऊटरला वाकून नमस्कारही केला. बाहेर आले तेव्हा नळ बंद पडला होता, आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

नेकनूरहून शिवशंकर मेकॅनिक आला तो सोमवारी. त्यानं मोबाइल उघडला तर कोंबडी जागेवर, खड्डा जागेवर, सगळं लख्ख.

"चालू हाय की, अप्पा."

"तुला बघून चालू झालाय. डॉक्टर आला की ताप उतरतो तसा."

शिवशंकरनं अ‍ॅडाप्टर बदलला, तारेची टोकं कापून नवी बसवली, पासवर्ड बदलला, दोन चहा घेतले आणि तो गेला. दुसऱ्या दिवशी मंगळवार. पाणी आलं, कॅमेरा गेला. अप्पांची पुढंमागं पळापळ, नळ बंद.

असे चार मंगळवार गेले. गावात नवीच बात सुटली, की अप्पांच्या घरातला कॅमेरासुद्धा अप्पांवर गेलाय, वेळेला थापा मारतो. अप्पांची खात्री झाली, की विजयसिंहांनी लहरी तोडायचं यंत्र मुंबईहून मागवलंय. गुरुवारी सभा होती, आणि शेवटचा मंगळवारही हातचा गेला होता.

बुधवारी दुपारी गंगासागरबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुमच्या कॅमेऱ्याला पाणी सोसत न्हाई."

"काय?"

"सोमवारी माझे ड्रम तळाला जातेत, तवा त्याला सगळं दिसतं. मंगळवारी भरले की आंधळा. बुध, गुरू, शुक्र मुका. शनवारपास्नं जरा जरा बोलायला लागतो. चार आठवडे बघतेय."

"अगं, मग बोलली कावून न्हाईस?"

"तुमी कुणाला बोलू देता?"

अप्पा उठून बोळात गेले. मागच्या फळीवर राऊटर, पुढं दारावर कॅमेरा आणि दोन्हींच्या मधे हा चार फुटी बोळ. दोन्ही बाजूंना दगडी भिंती. लहरींना जायला वाट एकच, आणि त्या वाटेत दोन निळे ड्रम खांद्याला खांदा लावून उभे, वर पितळी हंड्यांची उतरंड. पाण्याची भिंतच. आठ दिवसांच्या तहानेची तजवीज.

नवरा-बायकोनं बादल्या घेतल्या. एकेक करून परसातल्या हौदात पाणी नेऊन ओतायला लागले. हंडे उतरले, पहिला ड्रम अर्धा झाला, दुसरा झाला. अप्पांची कंबर बोलायला लागली. आणि चौतिसाव्या बादलीला खिशातला मोबाइल टिंग करून वाजला. पडद्यावर खड्डा, खड्ड्यावर झाकण, झाकणावर कोंबडी.

अप्पा ओल्या फरशीवरच बसले. "सापडलं गं."

"सापडलं, पन बुधवारी. चोर मंगळवारी येऊन गेला."

खरंच होतं. व्हॉल फिरत होता तेव्हा अप्पा राऊटरपुढं आकडे मोजत होते. आणि उद्या सभा.

"हात जोडून टाका," गंगासागरबाई हळूच म्हणाल्या. "दोन मिनटाचं काम हाय. पुढल्या मंगळवारी ड्रम परसात ठेवू आन् धरू त्याला."

"एकदा हात जोडल्यावर पुढल्या मंगळवारचा सिनेमा कोन बघंल? तोंड उघडायचं न्हाई म्हणलाय त्यो." अप्पा पदराशिवाय दुसरं काही न मिळाल्यामुळं तिच्याच पदराला हात पुसत उठले. "साठ वर्षं खोटं बोललो, एकदाबी माफी मागितली न्हाई. आता खरं बोलल्याची मागू?"

तर असे अप्पा सभेत उभे होते.

त्यांनी आधी खरं ते सांगितलं. पाणी वायफाय पितं. ड्रम भरले की लहरी आरपार जात नाहीत, कॅमेरा आंधळा होतो. इतकं खरं त्या पटांगणात ध्वजवंदनालाही कुणी बोललं नसेल. पण गाव हसून हसून लोळायला आलं.

"अप्पा, पाणी वायफाय पितंय, तर मग ते पाणी पिलेली म्हस फोनवर बोलती का?" मागून कुणीतरी ओरडलं.

"तुज्या सासूला विचार, तिचा फोन लागतच असतो," अप्पा म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "हसा. म्हणून ह्या मंगळवारी मी ड्रम भरलेच न्हाईत. कोरडे ठेवले. आन् कॅमेऱ्याला सगळं दिसलं."

हशा थोडा विरळ झाला. विजयसिंह म्हणाले, "गोष्टी पुरे. व्हिडिओ दावा."

"दावतो की." अप्पांनी मोबाइल उलटा करून पुढच्या रांगेसमोरून झरकन फिरवला. पडद्यावर खड्डा लख्ख होता. कालपासून कॅमेरा जागाच होता, आत्ताचाच खड्डा दाखवत होता, पण ते सांगायला अप्पांना कुणी विचारलं नाही. "हा व्हॉल. वळखला का? पुढचं आधी तोंडानं सांगतो, मग एकेकानं या आन् बघा."

विजयसिंहांचा वरचा पाय खाली आला.

"पन अप्पा," बायकांतून साखराबाई उठल्या, "मंगळवारी तर तुमचे ड्रम..."

अप्पांनी मोबाइल झटकन छातीशी धरला. मंगळवारी त्यांच्याच बोळात उभं राहून साखराबाईंनी एक घागर भरून नेली होती. तोंडोतोंड भरलेले ड्रम त्यांनी बघितले होते.

"ड्रमचं काय?" विजयसिंहांनी मान वळवली.

साखराबाईंच्या शेजारी गंगासागरबाई बसल्या होत्या. त्या उभ्या राहिल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि स्पष्ट म्हणाल्या, "कोरडे हुते. मंगळवारपास्नं आमी साखराबाईच्या घरचं पाणी पितोय. तेच सांगतेय ती."

अप्पा बघतच राहिले. चाळीस वर्षांत ही बाई एक शब्द खोटं बोलली नव्हती, आणि आज बोलली तर चेहऱ्यावर सुरकुतीसुद्धा हलली नाही.

साखराबाईंनी गंगासागरबाईंकडं पाहिलं, विजयसिंहांच्या इस्त्रीकडं पाहिलं. वीस मिनिटांत बंद पडणारा स्वतःचा नळही त्यांना आठवला असावा. "व्हय," त्या खाली बसत म्हणाल्या, "दोन हंडे दिले मी. तिसरा मागत हुते, न्हाई दिला."

आता अप्पांच्या अंगात बळ आलं. आजवरच्या सगळ्या बाता म्हणजे तालीम होती, खरी कुस्ती आज होती.

"तर मंडळी, पप्पू चहाला गेला. वळणावरून एक गडी आला. नाव मी घेनार न्हाई, कॅमेऱ्यानं घेतलंय. हातात ही एवढी चावी. इकडं बघतो, तिकडं बघतो. खड्ड्यात वाकला. आन् वाकला तशी त्याची विजार मागून टरकली!"

बायकांनी तोंडाला पदर लावले. विजयसिंहांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"तेवढ्यात आलं कुत्रं. कुत्रं काय, आपलं पिल्लूच, मुठीएवढं. त्यानं 'भू' केलं, आन् ह्या वाघाच्या हातातली चावी सुटली. गडी सरळ खड्ड्यात! पाय वर, डोकं खाली! आन् रडतोय, मंडळी. कॅमेऱ्यात आवाजबी येतो. 'आई गं, मला चावंल गं,' म्हणतोय. मग चिखलानं माखलेला वर आला, पिल्लापुढं हात जोडले, आन् एक चप्पल तिथंच टाकून लंगडत लंगडत..."

पटांगण गडबडा लोळत होतं. माणसं एकमेकांच्या पाठीत बुक्क्या घालत होती, ग्रामसेवकांनी वहीत तोंड लपवलं होतं. आणि खुर्ची मागं उलथून विजयसिंह ताडकन उभे राहिले.

"खोटं! साफ खोटं बोलतोय हे म्हातारं!" ते ओरडले. "कुत्रं बित्रं काय बी न्हवतं, आन् मी पडलो बिडलो न्हाई! चावी फिरवली आन् सरळ चालत गेलो मी घरला!"