नेल्डाची जागा

सीडर क्रीकच्या गोऱ्यांच्या चर्चमध्ये बाकांवर नावं लिहिलेली नाहीत. गरजच नाही. चाळीस डोकी, आणि कोण कुठं बसतं हे सगळ्यांना तोंडपाठ. डावीकडचं तिसरं बाक हॉइट टकरचं, आणि त्यातली खिडकीकडची जागा त्याच्या बायकोची, नेल्डाची. तिला जाऊन दोन वर्षं झाली, तरी जागा तिचीच होती.

नव्या पाळकानं डोक्यात घेतलं, की रस्त्यापलीकडच्या झायन चर्चच्या काळ्या मंडळींना उपासनेला बोलवायचं आणि पुढच्या रविवारी आपण त्यांच्याकडं जायचं. "शंभर वर्षं एकमेकांच्या घंटा ऐकतोय, आता तोंडं तरी बघू," तो म्हणाला. हॉइटनं ठरावाच्या बाजूनं हात वर केला होता. शिवाय जेवणासाठी मक्याचा पाव आणायचंही कबूल केलं होतं. हे तो नंतर ज्याला त्याला ऐकवत असे.

ठरल्या रविवारी झायनची बावीस माणसं आली. त्यांच्यातली सगळ्यात वयस्कर अर्थलीन गेन्स, जांभळी हॅट सावरत, सरळ नेल्डाच्या जागी जाऊन बसली. तिला काय माहीत! हॉइटचा चेहरा पडला. लोकांना जागा दाखवायला दाराशी उभ्या असलेल्या डेलनं, त्याच्या लहानपणच्या दोस्तानं, तो चेहरा पाहिला आणि लगबगीनं येऊन अर्थलीनच्या कानाशी लागला. 'राहू दे' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. हॉइटच्या तोंडून ते निघालं नाही.

"असू दे, बाबा," अर्थलीन उठत म्हणाली. "उठायची सवय आहे मला."

ती शेवटच्या बाकावर जाऊन बसली. झायनच्या सगळ्यांनी ते पाहिलं. जेवायला त्यांच्यातलं कुणी थांबलं नाही, आणि मक्याचा पाव झाकलेला तसाच राहिला.

"जागा नेल्डाची होती गं," हॉइट पाळकाच्या बायकोला, मेरीबेलला, सांगत होता. "कुणीही बसलं असतं तरी मला लागलंच असतं. यात रंगाचा काय संबंध?"

मेरीबेल ताटं पुसत होती. "ईस्टरला तो विमा एजंट तिथंच बसला होता ना, हॉइटकाका? अख्खी उपासना. तुम्हीच त्याला गीताचं पान काढून दिलंत."

एजंट गोरा होता.

आठवडाभर त्यानं स्वतःचीच वकिली केली. एजंट उशिरा आला होता, तेव्हा गर्दी होती, आपलं लक्ष नव्हतं. एकही मुद्दा टिकेना. शेवटी त्याला स्वतःची लाज वाटली, आणि शनिवारी त्यानं बूट पॉलिश केले.

दुसऱ्या दिवशी तो झायनला गेला. तिथं जागा दाखवायचं काम पांढरे हातमोजे घातलेल्या बायकांचं. दारात अर्थलीनच उभी होती. हॉइटनं मागच्या बाकाकडं बोट दाखवलं.

"मी इथंच बरा आहे, बाई."

"आमच्यात नेतील तिथं बसायचं असतं. चला."

सगळ्यांच्या देखत तिनं त्याला पार पुढं, दुसऱ्या बाकाशी नेलं. जागेवर विणलेली, बसून बसून चपटी झालेली उशी होती.

"ही कुणाची?"

"माझ्या नवऱ्याची. मागच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला गेला."

"मग मी दुसरीकडं बसतो."

"दुसरीकडं कुठं? इथली प्रत्येक जागा कुणाची ना कुणाची आहेच."

गाणं सुरू झालं होतं, लोक उभे होते. आता बोललं नाही तर कधीच बोलणं होणार नाही, हे हॉइटला कळत होतं.

"बाई, ईस्टरला त्या जागेवर एक गोरा माणूस बसला होता. त्याला आम्ही उठवलं नव्हतं."

"त्याचं नाव-गाव ठाऊक नव्हतं मला," अर्थलीन म्हणाली. "पण कुणीतरी बसला असणार, हे मला उठतानाच कळलं होतं. बसा आता."

तिनं वाकून उशी उचलली आणि काखेत घेतली.

"ही मात्र देणार नाही."

हॉइट नुसत्या लाकडावर बसला.