गेल्या वर्षीचा भाव बदलणारा बाबा

तुम्हाला हे खरं वाटणार नाही. माझ्या तोंडून ऐकलेलं खरं वाटू नये, एवढी ख्याती मी कष्टाने मिळवली आहे. पण झालेला दिवस बदलणारा माणूस मी या डोळ्यांनी पाहिला. उद्याचं सांगणारे गल्लोगल्ली भेटतात, त्यांचं काय कौतुक! हा गडी कालचं बदलायचा. तेही दिवसाढवळ्या, पंखे चालू असताना, तीनशे माणसांसमोर.

"मागच्या वेळी दीडशे होती," माझी भाची म्हणाली.

संध्याकाळी आमच्या इमारतीच्या गच्चीवर पाचसहा शेजारी जमतात. मी गोष्ट सांगतो, आणि भाची मटार सोलता सोलता माझी माणसं मोजते.

"दीडशे खुर्च्या होत्या," मी म्हणालो. "माणसं तीनशे. एकेकीवर दोन-दोन. बायका मांडीवर पोरं घेऊन, ती वेगळीच."

तर हॉल खच्चून भरलेला. समोर पांढरा पडदा, पडद्यावर वरखाली जाणारी एक निळी रेघ. रेघेशेजारी पांढऱ्या कुर्त्यातला, हातात लाल ठिपका पाडणारी कांडी घेतलेला आलेखबाबा. रेघ होती एका बँकेच्या शेअरच्या भावाची. बाबा कांडी रेघेवरून अशी फिरवायचा, की जणू आजारी पोराच्या कपाळावरून हात.

मी तिथे कसा? माझ्या धाकट्या बहिणीमुळे. तिचा नवरा, म्हणजे या भाचीचा बाप, हिचे अण्णा, त्याच बँकेत ड्रायव्हर होता. नोकरीत असताना त्याला बँकेचे पाचशे शेअर मिळाले होते. आता त्याच्या हृदयाची झडप निकामी झाली होती. हॉस्पिटलात तो बसूनच झोपायचा, कारण आडवा झाला की श्वास अडकायचा. शेअरचा भाव होता हजार. ते विकले की ऑपरेशन, एवढा सरळ मामला. ऑपरेशनला बुधवारची तारीख पडली होती, आणि आदल्या शुक्रवारी बहीण शेअर विकणार होती.

त्याच आठवड्यात शेजारीण तिला बाबाकडे घेऊन गेली. बाबाने सगळ्यांदेखत सांगितलं, "गुरुवारी या बँकेवर छाया पडेल. भाव पाचातला एक उरेल. घाबरून विकाल तर संपलात."

बहीण घरी येऊन हसली. आणि गुरुवारी सकाळी तिचा फोन आला.

"दादा, भाव दोनशे झालाय."

"चष्मा लाव. एखादा आकडा सुटला असेल."

"चष्मा लावलाय रे. दोनशेच आहे. काल हजार होता. दादा, यांना काय सांगू मी?"

मी काय सांगणार? शेअरमधलं मला एवढंच कळायचं की कळणारे लोक माझ्यापेक्षा काळजीत असतात. दुसऱ्या दिवशी ती मला ओढत त्या हॉलमध्ये घेऊन गेली. तिच्यासारखीच सगळी. कोणाचं लग्न अडलेलं, कोणाचं घर. रडून रडून सुजलेले डोळे आणि हातात फोन.

"मुलांनो," बाबा म्हणाला. समोर सत्तरीचे म्हातारे होते, तरी मुलांनोच. "भाव म्हणजे काय? माणसांची साठलेली भीती. मी काल रात्रभर मागे गेलो. दहा वर्षं मागे. एकेका दिवसाच्या भावात उतरलो आणि भीती उपसली. आता उघडा फोन. कालची दरड कुठे आहे ती शोधा."

सगळ्यांनी फोन उघडले. बहिणीनेही. रेघ सलग. हजारावरून दोनशेवर कोसळलेला कडा नाहीसाच झालेला.

पुढच्या रांगेत औषधांच्या दुकानाचा मालक होता. बाबाने त्याच्यावर लाल ठिपका पाडला.

"तुम्ही केव्हा घेतलेत?"

"गेल्या वर्षी. नऊशेला."

"बघा बरं, गेल्या वर्षी काय भाव होता?"

औषधवाल्याने बघितलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितलं. "एकशे ऐंशी," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज असा झाला की त्याच्याच दुकानातलं काहीतरी द्यावं लागेल असं मला वाटलं.

 मग कोणीतरी हात जोडले आणि बाकीच्यांचे आपोआप जुळले. तुमच्या डोळ्यांदेखत गेलं वर्ष बदललं तर तुम्हीही जोडाल.

"ज्याने झालेलं बदललं, त्याला होणारं काय अवघड?" बाबा म्हणाला. "सोमवारी तुमच्या खात्यात एका शेअरचे पाच होतील. आणि महिन्याभरात भाव परत हजार. मला तुमचं काही नको. तुमचे आहेत तेवढे तुमच्याच नावावर राहतील. माझ्या साधनेने जे वाढेल, तेवढंच सेवेला द्या."

अहो, काय तो त्याग! माणसं ओक्साबोक्शी रडली. पोरं स्लिपा वाटत फिरू लागली. आपले शेअर दुसऱ्याच्या खात्यात वळवायच्या त्या स्लिपा. बहिणीने वाढीव दोन हजारांच्या स्लिपवर सही केली. जे आपलं कधी नव्हतंच ते द्यायला काय जातं, असा तिचा हिशोब.  ऑपरेशन तिने डॉक्टरांकडे रदबदली करून महिनाभर पुढे ढकलून घेतलं.

सोमवारी उजाडताच खरंच पाचशेचे अडीच हजार झाले. बहीण धावत वॉर्डात आली. मी तिथेच होतो. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई मेहुण्याचा रक्तदाब बघत होत्या. बहिणीने त्यांच्यापुढे फोन धरला.

"बघा, बाबांनी पाचपट केले."

"कोणती बँक?" त्यांनी दंडावरचा पट्टा सोडता सोडता विचारलं. बहिणीने नाव सांगितलं.

"मग माझेही झालेत."

"तुम्हीपण बाबांकडे जाता?"

"मला ड्यूटीतून घरी जाता येत नाही, बाबांकडे कुठे जाऊ? माझे चाळीस होते, आज दोनशे आहेत. सासूबाईंचेही झाले, आणि त्या तर देवालाही पावती मागतात. त्या बँकेचा शेअर ज्याच्याकडे आहे, त्या प्रत्येकाचे झाले."

"म्हणजे सगळ्यांवर कृपा केली बाबांनी," बहीण म्हणाली.

"कृपा नाही, तुकडे. आणि तेही बँकेने केले. एका शेअरचे पाच करणार, अमुक गुरुवारी करणार, हे दोन महिन्यांपूर्वीच जाहीर झालं होतं. पाचशेची नोट मोडून शंभराच्या पाच घेतल्या, तर तुम्ही श्रीमंत झालात की गरीब?"

"जशीच्या तशी."

"मग गुरुवारी तुमचं काही गेलं नव्हतं आणि आज काही आलेलं नाही. भाव गुरुवारीच सुट्ट्यांचा झाला, आणि सुट्टे खात्यात यायला सोमवार उजाडला. मधल्या दिवसांत तुमचा जीव टांगणीला होता. तुमचा बाबा नेमका तिथेच दुकान मांडून बसला."

मला एवढ्याने पटेना. "बाई, पण त्याने गेलं वर्ष बदललं. औषधवाल्याचे नऊशे होते, त्याचे एकशे ऐंशी झाले. आम्ही बघितलं."

त्यांनी खाटेच्या पायथ्याचा तापाचा तक्ता काढला. "काल यांचा ताप शंभर होता. आज नर्सने सेल्सिअसमध्ये लिहिला, अडतीस. पेशंट गार पडला का?"

"अजून नाही," मेहुणा उशीला टेकून म्हणाला.

"पण तक्ता बघणाऱ्याला तसं वाटेल. म्हणून मागचे सगळे आकडेही सेल्सिअसमध्ये करून घ्यायचे. मग रेघ नीट वाचता येते. भावांचंही तसंच. एकाचे पाच झाले की मागचे सगळे भाव पाचाने भागतात, म्हणजे तेव्हाची आणि आताची तुलना होते. हे संगणक आपोआप करतो. त्याला पांढरा कुर्ता लागत नाही. औषधवाल्याने नऊशेच मोजले होते. तेव्हाचा एक शेअर म्हणजे आताचे पाच. एकशे ऐंशीला पाचाने गुणा."

बहीण गुणाकार करत नव्हती. ती खाटेच्या कडेला बसली होती.

"मग मी जे वाढीव म्हणून लिहून दिले..."

"वाढीव काही नव्हतंच. पाच भागांतले चार तुम्ही दिलेत."

"म्हणजे मी यांचं ऑपरेशनच देऊन आले," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी तक्ता परत अडकवला. "मीसुद्धा माणसाला बेशुद्ध करायचे पैसे घेते," त्या हळूच म्हणाल्या. "पण काय कापणार, ते आधी सांगते."

तर मंडळी, कोणी तुम्हाला जुना भाव दाखवून तोंडात बोट घालायला लावलं, तर बोट काढा आणि दोन गोष्टी विचारा. तेव्हाचा एक शेअर आणि आजचा एक शेअर सारखाच आहे का? आणि जो चमत्कार माझ्या बाबतीत झाला, तो बाबाचं नावही न ऐकलेल्या माणसाच्या बाबतीत झाला का? झाला असेल तर चमत्कार बाबाचा नाही. एवढं विचारायला शाळा लागत नाही, थोडी लाज सोडावी लागते.

"आणि ती स्लिप?" शेजारच्या शिंपीणबाईंनी विचारलं.

"स्लिप होय? मी तिथून जो सुटलो, तो जिने तीन-तीन पायऱ्यांनी उतरलो. रस्त्यात बस मिळेना, तर एका टेम्पोवाल्याला आडवा झालो. शेअरच्या ऑफिसात पोचलो तेव्हा कारकून शिक्का उचलून स्लिपवर मारणार, एवढ्यात मी त्याचं मनगट धरलं. स्लिप ओढली आणि टराटरा..."

"मामा," भाची म्हणाली.

तिने मटारांचं ताट बाजूला ठेवलं होतं.

"स्लिपवर शिक्का सकाळी ऑफिस उघडताच पडला होता. तू पोचलास तेव्हा शेअर बाबाच्या खात्यातून विकलेही गेले होते. तू परत आलास आणि वॉर्डाबाहेर जिन्यात बसून राहिलास. मी तुला पाणी आणून दिलं, ते तू प्यायला नाहीस. अण्णांचं ऑपरेशन झालं नाही."



"जरा रंगात आली होती गोष्ट," मी म्हणालो.

"बाकी हवं ते वाढवून सांग. हे मात्र झालं तसंच सांगत जा. नाहीतर या सगळ्यांना वाटेल, आत्ता सही करून टाकू, पुढे कोणीतरी वेळेवर पोचतंच."