फक्त लांबी मोजली

मित्रांनो, टेलरमास्तरांच्या दुकानात शिलाई मशीनशेजारी जी जुनी काचेची टाकी दिसते ना, ती मी. माझ्या एका कोपऱ्याचा टवका उडाला आहे, पण माझा तोरा कमी नव्हता. कपडे घालून बघायला आलेली माणसे आरशाआधी माझ्यात डोकावत.

ते कौतुक खरे तर बटणचे होते. बटण म्हणजे मास्तरांच्या लेकीची सोनेरी मासोळी. बोटभर होती तेव्हा माझ्याकडे आली आणि सात वर्षे राहिली. लेक शाळेतून आली की माझ्या काचेला ओठ लावायची, आतून बटणही तोंड टेकवायची. काचेवर वाफेचा छोटा गोल उमटायचा.

एके दिवशी मास्तरांनी हौसेने एक मिशाळ मासा आणला. दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधला, काळपट आणि रुंद डोक्याचा.

"बाबा, हा बटणला खाणार नाही ना?" लेकीने विचारले.

मास्तरांनी गळ्यातली टेप काढून माझ्या काचेला लावली. "हा साडेपाच इंच, तीही साडेपाच. आपल्याएवढ्याला कुणी गिळतं का?"

"पण हा खातो काय?" लेकीच्या आईने विचारले.

"ते विचारायचं राहिलं," मास्तर म्हणाले. मापाच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा, म्हणून मीही निर्धास्त झाले.

दोन दिवस तो तळाशी नुसता लोळत होता. आळशी पाहुणा म्हणून मी त्याची मनातल्या मनात टिंगल केली. तिसऱ्या दिवशी दुपारी मास्तर एका गिऱ्हाइकाच्या गळ्याचे माप घेत होते. तेव्हा तो उठला आणि त्याने तोंड उघडले. ते उघडतच गेले, नाडी सोडलेल्या पिशवीसारखे. बटणचे डोके आत गेले, मग अंग. सोनेरी शेपटी थोडा वेळ बाहेर हलत राहिली. मी हादरून गेले. माझ्या पोटात हे घडत होते आणि मला साधे ओरडताही येत नव्हते.

"मास्तर, दुसरा मासा कुठे गेला?" गिऱ्हाइकाने विचारले. मास्तर वळले आणि त्यांच्या हातातला खडू खाली पडला.

पाच वाजता लेक आली. तिने बटणला पाण्यातल्या झाडामागे शोधले, पंपामागे शोधले. मग तिला त्या माशाचे तट्ट फुगलेले पोट दिसले. ती दप्तरासकट खाली बसली.

"आत्ताच्या आत्ता नदीत सोडून या त्याला," आई म्हणाली.

"नको," लेक म्हणाली. "तिथेही मासे आहेत. त्याचं पोटच तसं आहे, आई." मग तिने वडिलांकडे पाहिले. "बाबा, शर्ट शिवताना तुम्ही फक्त लांबी घेता का?"

मास्तरांनी टेप गुंडाळून मशीनवर ठेवली.

मित्रांनो, घरात एखादा जीव आणाल तेव्हा तो काय खातो, किती वाढतो, कुणासोबत राहू शकतो, हे आधी विचारा. विचारायला लाजू नका.

तो मासा आता माझ्यात एकटा राहतो. लेक रोज पाचला येते, त्याला न चुकता खाणे घालते आणि आत निघून जाते. माझ्या काचेला ती आता ओठ लावत नाही.