पाचर

जंतूकाकांनी फोनवर एवढंच सांगितलं, "खाली ये. लगेच."

एरवी त्यांचा फोन आला की आधी एखादा टुकार विनोद यायचा आणि मग काम. आज विनोद नव्हता. तिने हातमोजे काढले, भट्टीवरचं मिश्रण सहकाऱ्याच्या हवाली केलं आणि जिना उतरली.

औषधं बनवणाऱ्या त्या कंपनीच्या तळमजल्यावर जंतूंची प्रयोगशाळा होती आणि काका तिथले प्रमुख. घरी त्यांनी कधी मांजर पाळलं नाही, पण इथे कोट्यवधी जीवांना ते वेळच्या वेळी खाऊपिऊ घालत, ऊब देत आणि मग मारायला तिच्याकडून औषध मागवत. ती वरच्या मजल्यावर नवनवी संयुगं घडवायची. सगळे तिला सुगरण म्हणत, कारण घरी तिच्या हातून साधं दूधही उतू गेल्याशिवाय तापत नसे आणि इथे मात्र दहा जणांनी हात टेकलेली प्रक्रिया तिच्या हाती सरळ यायची.

काकांनी काचेची बशी तिच्यापुढे सरकवली.

बशीत जंतूंचा पातळ, पांढरट थर वाढला होता. मधोमध तिच्या औषधात भिजवलेली कागदाची टिकली. औषध लागू पडलं की टिकलीभोवतीचे जंतू मरतात आणि तिथे स्वच्छ गोल रिंगण दिसतं. इथे रिंगण नव्हतं. जंतू अगदी टिकलीला चिकटून वाढले होते, एका बाजूने तर तिच्यावर चढले होते.

"टिकल्या बदलल्या गेल्या असतील," ती म्हणाली.

"मलाही तेच वाटलं. म्हणून परत लावलं. मग तिसऱ्यांदा, तुझ्या ताज्या बाटलीतून." काकांनी शेजारची बशी दाखवली. "हा आपला नेहमीचा जंतू. त्याच बाटलीतली टिकली. बघ, कसं चोख रिंगण आहे."

"मग हा?"

"हा तुझ्या भावाचा."

तिने खुर्चीची पाठ धरली. काका काहीतरी बोलत होते, पण तिला फक्त त्यांचे ओठ हलताना दिसत होते.

तिच्या धाकट्या भावाला सगळे भोपळ्या म्हणत. लहानपणी गोल गरगरीत होता आणि मोठेपणीही ते नाव त्याने आनंदाने वागवलं. शहराबाहेर त्याच्या कोंबड्यांच्या शेड होत्या. जाळी दुरुस्त करताना तार हाताला लागली. ओरखडाच होता, त्याने फडकं बांधलं आणि कामाला लागला. आठवडाभरात हात कोपरापर्यंत सुजला, ताप चढला आणि बायकोने त्याला रागावून, रडून कसंबसं रुग्णालयात नेलं. तिथे एकामागून एक औषधं झाली. एकही लागू पडेना.

याच जातीच्या जंतूंसाठी तिने उमेदीची वर्षं घातली होती. जुनी औषधं आत शिरली की हे जंतू आपल्याजवळच्या कात्रीने त्यांचे तुकडे करत. तिने असं संयुग घडवलं होतं, की ते त्या कात्रीच्या पात्यांमध्ये जाऊन घट्ट अडकावं. कागदावर त्याला लांबलचक नाव होतं, पण प्रयोगशाळेत सगळे त्याला पाचर म्हणत. निरोगी स्वयंसेवकांना देऊन ते अंगाला बाधत नाही एवढं पाहून झालं होतं. आजारी माणसाला अजून एकदाही दिलेलं नव्हतं. भावासाठी खास परवानगी मिळावी म्हणून ती साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन अक्षरशः अडून बसली होती. साहेब शेवटी हो म्हणाले, पण अट घातली, आधी त्याचा जंतू इथे आणून तपासायचा.

तो तपासून झाला होता.

"काका, हे औषध बाहेर गेलेलंच नाही," ती म्हणाली. "कुठल्या दुकानात नाही, कुठल्या रुग्णाच्या पोटात नाही. मग या जंतूला ते ओळखीचं कसं?"

काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तेच तर. माझ्या उभ्या आयुष्यात असं बघितलं नाही मी."

रुग्णालयात तिची गाठ आधी सर्जनबाईंशी पडली. त्या आडपडदा ठेवणाऱ्यांतल्या नव्हत्या. "तुमच्या औषधाची वाट बघत होते. आता थांबता येणार नाही. हात काढला नाही तर माणूस जाईल."

"केवढा?"

"कोपराच्या वर."

भोपळ्या जागा होता. चेहरा इतका उतरला होता की ते नाव आता त्याला शोभत नव्हतं. तिला पाहून हसला.

"आलीस ताई? आणलंस का तुझं जादूचं औषध?"

ती पलंगाच्या कडेला बसली. त्याची बायको पायथ्याशी उभी होती. ती ताईच्या चेहऱ्याकडे बघत राहिली आणि एकदम तिने तोंडावर पदर दाबला.

"लागू पडत नाही रे," ताई म्हणाली. "तीनदा बघितलं."

"अस्सं." त्याने छताकडे पाहिलं. "म्हणजे डॉक्टरीणबाई म्हणतात तेच. कुठला हात लागतो गं सहीला? उजवाच ना? बरोबर तोच निवडलाय त्यांनी."

कुणीच हसलं नाही. मग त्याचाच चेहरा वाकडा झाला आणि त्याने मान भिंतीकडे वळवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हात काढला. भाऊ वाचला. ताप उतरू लागला तसे घरातले सगळे देवाचे आभार मानू लागले. तिला मात्र कशातच बरं वाटेना. डोळे मिटले की टिकलीवर चढलेले जंतू दिसत.

काका म्हणाले, "घरी बसून विचार करून डोकं फुटेल. जंतू आला तिथे जाऊ. पाणी, विष्ठा, खाद्य, जे दिसेल ते गोळा करू."

भावजयीने शेडचं कुलूप काढलं. आत उष्ण, झोंबणारा वास होता आणि हजारो कोंबड्यांचा एकसुरी कलकलाट. काका वाकून वाकून बाटल्या भरत होते. ती खाद्याच्या खोलीत गेली. मक्याचा भरडा, पेंड, आणि कोपऱ्यात निळ्या पट्ट्याची पोती रचून ठेवलेली.

"हे काय गं?"

"वाढीची पावडर," भावजय म्हणाली. "खाद्यात मिसळतात. पक्षी मरत नाहीत आणि वजन पटकन धरतात. इथे सगळेच वापरतात, ताई. आम्हीच उशिरा सुरू केली. ह्यांचं आपलं, बघू, बघू."

पोत्यावर हसऱ्या कोंबडीचं चित्र होतं आणि 'पौष्टिक पूरक' एवढं लिहिलेलं. तिने चिमूटभर पावडर बाटलीत घेतली. तेव्हा मनात काहीच आलं नाही. काका म्हणाले होते जे दिसेल ते, म्हणून घेतली.

दोन गोष्टी पाठोपाठ झाल्या. कोंबड्यांच्या विष्ठेत भावाच्या हातातलाच जंतू सापडला, तोच, तितकाच निबर. आणि पावडरीचं पाणी टिकलीवर घालून साध्या जंतूंवर ठेवलं, तर भोवती रिंगण उमटलं. लहान, पण स्वच्छ.

"पूरक कसलं, औषध आहे हे," काका म्हणाले. "कुठलं, ते तू सांग."

वर तिच्याकडे रेणूंचं वजन सांगणारं यंत्र होतं. पावडरीतला अंश तिने त्यात सोडला आणि पडद्यासमोर उभी राहिली. रेषा सपाट सरकत होती. मग एका आकड्यापाशी ती सरळ वर उसळली.

तो आकडा तिला पाठ होता. आपल्या माणसाची चाल लांबून ओळखू यावी तसा तो तिने ओळखला आणि क्षणभर चक्क आनंदच झाला. पण तो पावडरीत होता. तिने खात्री करायला रेणूचे तुकडे पाडून पाहिले. प्रत्येक तुकडा जिथे पडायला हवा तिथेच पडला.

ते तिचंच संयुग होतं. पाचरीच्या आधीचं. सांगाडा तोच, फक्त शेवटची जाड कडी नसलेलं. माणसांच्या औषधासाठी फार दुबळं म्हणून तिने ते कधीच बाजूला ठेवलं होतं. जगात ते तिच्या कपाटातल्या एका बाटलीखेरीज कुठे असेल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. ते पोत्यांत भरून विकलं जात होतं. कोंबड्या ते रोज खात होत्या आणि त्यांच्या पोटातले जंतू रोज थोडं थोडं शिकत होते. दुबळ्या भावंडावर हात बसल्यावर पाचर आली तेव्हा त्यांना काही नवं शिकायची गरजच उरली नव्हती.

ती बेसिनपाशी गेली, तोंडावर पाणी मारलं आणि तशीच ओल्या चेहऱ्याने साहेबांच्या केबिनमध्ये शिरली.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. ते चकित झाले नाहीत. त्याचाच तिला जास्त धक्का बसला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"बसा. आधी पाणी प्या." त्यांनी ग्लास पुढे केला. "अहो, ते संयुग तुम्हीच निकालात काढलं होतं. धूळ खात पडलं होतं. पशुखाद्यवाल्या एका कंपनीने मागितलं, आम्ही हक्क विकले. कायद्याने सगळं रीतसर झालंय."

"आणि त्याच सांगाड्यावर मी पाचर उभी करतेय, हे माहीत असताना?"

"त्या पैशांवरच तर तुमची पाचर उभी राहिली. तुमचं ते वजनाचं यंत्र कुठून आलं असं वाटतं तुम्हाला?"

साहेब दुष्ट माणूस नव्हते. भावाचा हात गेला हे कळल्यावर ते स्वतः रुग्णालयात जाऊन आले होते, फळांची टोपली घेऊन. आताही त्यांच्या आवाजात ओशाळेपणा होता. "एवढा पुढचा विचार कुणी केला नाही," ते हळूच म्हणाले. "खरंच नाही केला."

"मला एका शब्दाने विचारलं असतंत तर मी केला असता," ती म्हणाली आणि उठली.

भावाला सांगायचं की नाही यावर काकांचं आणि तिचं वाजलं. काका म्हणाले, आत्ताच उभा राहतोय, कशाला त्याच्या डोक्याला ताप? ती म्हणाली, हात त्याचा गेलाय.

दुपारी ती त्याच्या घरी गेली. तो ओसरीत खुर्ची टाकून बसला होता, रिकामी बाही वर दुमडून पिन लावलेली. तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. पावडर, यंत्र, साहेब, सगळं.

"म्हणजे ती पावडर तुझी?"

"माझ्या हातचीच. पण मला..."

"चांगली होती गं," तो म्हणाला. "पहिल्याच खेपेला एकही पक्षी दगावला नाही. मी हिला म्हटलंसुद्धा, ज्याने कुणी शोधून काढलीय त्याचे पाय धरले पाहिजेत."

तिला रडू फुटलं. लहान मुलासारखं, आवाज करून. त्याने डाव्या हाताने तिच्या पाठीवर थोपटलं, अवघडलेपणाने, कारण त्या हाताला अजून सवय नव्हती.

"रडू नकोस. बाकीच्या शेडमध्येही हेच चाललंय का?"

"असणारच."

"मग तिथेही कुणालातरी तार लागेल," तो म्हणाला.

त्यानंतर तिने आणि काकांनी औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयात सगळे पुरावे दिले. कंपनीत त्यांच्याशी बोलणं हळूहळू बंद झालं, जेवणाच्या टेबलावर शेजारच्या खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या. सर्जनबाईंनी आपणहून साक्ष दिली. त्यांच्याकडे असेच आणखी रुग्ण आले होते आणि त्यातला एक वाचला नव्हता. सुनावणीत पावडरवाल्यांचा वकील म्हणाला, एका हातावरून एवढा गहजब कशाला? खुद्द त्याच्याच बाजूचे लोक खाली बघू लागले. विक्री थांबवण्याचा हुकूम निघाला, पण ज्यांनी माल आधीच भरून ठेवला होता त्यांच्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

पाचर तिथेच थांबली. चाचण्या पुढे न्यायला आता कुणी तयार नव्हतं आणि तिलाही न्यायच्या नव्हत्या. ती एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत गेली, पाठोपाठ काकाही आले. नव्या संयुगाचा सांगाडा तिने मुळापासून वेगळा घेतला. हक्क कुणाला विकायचे आणि कुणाला नाही हे तिने कागदाला हात लावायच्या आधीच लेखी घेतलं. ते संयुग व्हायला किती वर्षं लागतील हे तिला सांगता येत नाही आणि कुणी विचारलं तर ती तसंच सांगते.

भोपळ्याने आपली पोती सरकारी माणसांच्या ताब्यात दिली. त्या खेपेला पुष्कळ पक्षी मेले. मग तो मोटारसायकलच्या मागे बसून, बायकोला चालवायला लावून, आसपासच्या एकेका शेडवर जाऊ लागला. भाषण त्याला जमत नाही. तो नुसती बाही वर करतो आणि काय झालं ते सांगतो.

"एकाने तर दारातूनच हाकललं आज," भावजय परवा फोनवर सांगत होती. "म्हणाला, तुमचं गेलं म्हणून आमचं बुडवायला आलात का? पण त्याची बायको मागच्या दाराने आली, ताई. तिच्या पायाला जखम आहे म्हणे, भरतच नाही. दाखवायला कुठे जाऊ, विचारत होती."

"मग?"

"मग काय, तिला मोटारसायकलवर घेतली आणि डॉक्टरीणबाईंकडे नेली. हे तिथेच थांबलेत, तिच्या नवऱ्याशी बोलत."